थांबलेल्या पाण्यावरचे डाव

गेल्या वर्षी चैत्रात माझा पुतण्या पुण्याहून गावी आला, तेव्हा त्याच्या जीपच्या टपावर केशरी रंगाची एक वस्तू दोरीनं आवळून बांधलेली होती. जेमतेम सहा फूट लांब, दोन्ही टोकांना चपटी, मध्ये माणूस कमरेपर्यंत शिरेल एवढं भोक. ऊसतोडीहून नुकतीच परतलेली पोरं भोवती जमली. कुणाला तो जनावरांचा हौद वाटला, कुणाला कारखान्यातला काही भाग. ती कयाक होती. आमचं गाव केज तालुक्यात, बालाघाटाच्या पठारावर. गावाला नदी नाही. एक ओढा आहे, तो पावसाळ्यात बरा असतो आणि दिवाळीनंतर आटतो. अशा गावात माणूस नाव घेऊन येतो, यावर दोन दिवस पारावर चेष्टा झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ती आमच्या शेततळ्यात उतरवली. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल, आतून काळ्या प्लास्टिकचं अस्तर. पाण्यावर तरंग नाही, ओघ नाही. त्या मेलेल्या पाण्यावर त्यानं जे केलं, ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. नाव एका कडेवर कलंडवून तशीच धरून ठेवली. मग पुढचं टोक पाण्यात खुपसून शेपूट आभाळाकडे केलं आणि वल्ह्याचे बारीक ठोके देत क्षणभर तसाच उभा राहिला. मग पूर्ण पालथा झाला, नावेचा तळ तेवढा वर, आणि पोरं ओरडायच्या आत पलीकडच्या बाजूनं सरळ झाला.

माझे थोरले चुलते, त्यांना आम्ही तात्या म्हणतो, बांधावर डोक्याला उपरणं गुंडाळून बसले होते. वय चौऱ्याऐंशी. गावातल्या दोन पिढ्यांना पोहायला त्यांनी शिकवलं आहे. त्यांनी "कसं केलंस" असं विचारलं नाही. म्हणाले, "सरळ होताना डोकं आधी काढतूस का मागून?"

पुतण्या वल्हं आडवं धरून थांबला. "मागून, तात्या. सगळ्यात शेवटी. पण तुम्हाला कसं कळलं?"

"डोकं आधी काढायची घाई करतंय ते पोरगं बुडतंय. एवढंच तर शिकवलं की जन्मभर."

मी इतिहासाचा मास्तर होतो. सनावळ्या शिकवण्यात नोकरी गेली, पण शरीराच्या विद्यांना सनावळी असते हे कधी मनात आलं नव्हतं. तात्यांच्या त्या एका प्रश्नानं वर्षभर मला पुस्तकांत आणि गावोगावच्या विहिरींवर फिरवलं. त्यात जे हाती लागलं ते इथं मांडतो आहे.

कयाक हा शब्द आणि ती वस्तू दोन्ही उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांचे. ग्रीनलंडमध्ये झाडं जवळपास नाहीतच. समुद्रानं वाहून आणलेल्या लाकडाचा सांगाडा आणि त्यावर सीलचं कातडं, अशी ती एका माणसाची शिकारी नाव. अंगातला कातडी झगा नावेच्या भोकाला आवळून बांधायचा, म्हणजे माणूस आणि नाव एकजीव. आजूबाजूचं पाणी इतकं थंड की त्यात पडलेल्याचे हातपाय थोड्याच वेळात चालेनासे होतात. तिथं पोहणं येऊन उपयोग नाही. उलटलेली नाव बाहेर न पडता सरळ करणं हीच जगण्याची विद्या. ग्रीनलंडच्या आजच्या पारंपरिक स्पर्धांत सरळ होण्याचे तीसहून अधिक प्रकार मोजले जातात: पूर्ण वल्ह्यानं, अर्ध्या वल्ह्यानं, नुसत्या हातानं, मूठ आवळून. यातला प्रत्येक प्रकार एखाद्या अडचणीची तयारी आहे. हातातून वल्हं सुटलं तर, हात भाल्याच्या दोरीत अडकला तर, हातच जायबंदी झाला तर. आज पाहताना तो खेळ वाटतो, इतकंच.

नॉर्वेच्या फ्रिट्योफ नान्सेननं १८८८ मध्ये ग्रीनलंड ओलांडलं आणि तिथंच हिवाळा काढताना तो कयाक चालवायला शिकला. त्याचं आणि इतरांचं लिखाण वाचून ऑस्ट्रियाचा एडी पावलाटा हा तरुण, कुणी शिकवणारा नसताना, आल्प्समधल्या वायसेनझे नावाच्या तळ्यात खटपट करत राहिला आणि १९२७ च्या जुलैत स्वतः उलटून स्वतः सरळ झाला. ही विद्या आत्मसात केलेला पहिला युरोपीय म्हणून त्याचं नाव घेतात. तीन वर्षांनी जिनो वॉटकिन्स हा इंग्रज तरुण मोहिमेवर ग्रीनलंडला गेला आणि थेट तिथल्या शिकाऱ्यांकडून शिकला. तो चांगलाच तयार झाला होता. तरी ऑगस्ट १९३२ मध्ये एकटाच शिकारीला गेला असताना त्याची रिकामी नाव पालथी तरंगताना सापडली; तो सापडला नाही. वय पंचवीस. विद्या येणं आणि विद्येनं वाचणं यांतलं अंतर या गोष्टीत दिसतं. ते पुढं आमच्या गावातही यायचं आहे.

या वाचनात मला सगळ्यात जास्त गुंतवलं ते एका बारीक माहितीनं. ग्रीनलंडचे शिकारी पाण्यात उतरण्याआधी घराशेजारी दोन खांबांमध्ये ताणलेल्या दोरांवर सराव करत. दोरांत अंग गुंतवायचं, उलटं व्हायचं, फिरून वर यायचं. कयाकमध्ये कंबर, पाठ आणि मान ज्या क्रमानं वळावी लागते, तोच क्रम कोरड्या जागेवर अंगात मुरवायचा. मराठी वाचकाला इथं दोरीचा मल्लखांब आठवल्याशिवाय राहणार नाही. मल्लखांबाचा जन्मच कुस्तीच्या पोटी झाला. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवं रूप दिलं, तेव्हा त्यामागचा विचार सरळ होता: प्रतिस्पर्धी हलतो, फसवतो, अंगावर येतो, खांब जागचा हलत नाही. हलत्यावर वापरायचे डाव स्थिरावर शिकायचे. पुतण्याची ती पाण्यावरची कसरत हा याच विचाराचा भाग आहे. त्या खेळाच्या स्पर्धा खळाळत्या लाटेवर होतात, खेळाडूला पंचेचाळीस सेकंद मिळतात, त्यात जितके वेगवेगळे डाव बसतील तितके गुण. पण ते डाव बसवायचे तळ्यात. १९८०च्या दशकात अमेरिकेत जिम स्नायडर आणि त्याच्या सोबत्यांनी मुद्दाम इतक्या कमी हवेच्या नावा बनवल्या की त्या माणसासकट पाण्याखाली जात. बुडणारी नाव मुद्दाम बनवायची, ही कल्पना तात्यांना फार आवडली. "म्हंजी बुडी मारणारी नाव," असं म्हणून ते बराच वेळ हसत होते.

आता आपल्याकडे येतो. बीड जिल्ह्याचा नकाशा पाहिला तर वर गोदावरी, जिल्ह्याची उत्तर सीमाच ती. तिच्या काठचा सखल पट्टा म्हणजे गंगथडी. खाली बालाघाटाचं पठार. त्यातून सिंदफणा, बिंदुसरा, मांजरा निघतात. पाऊस सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. गंगथडी सोडली तर बारमाही वाहतं पाणी जवळपास नाहीच. म्हणजे इथं पाण्याची जी काही विद्या जन्मली, ती थांबलेल्या पाण्यात.

थांबलेलं पाणी साठवण्यात मात्र हा मुलूख मागे नव्हता. बीड शहरातलं कंकाळेश्वराचं देऊळ पाण्याच्या कुंडातच उभं आहे. शहराबाहेर काही किलोमीटरवरची खजाना विहीर सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळातली. सलाबतखानानं ती बांधवली आणि राजा भास्कर नावाच्या जाणकारानं तिची आखणी केली. दोन भुयारी नहरींतून पाणी आत येतं, तिसऱ्या नहरीतून बाहेर पडून शेतीला जातं. त्याहून मागं गेलो तर कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा. हा भाग त्याच्याच राज्यातला. बाराव्या शतकातल्या त्याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात राजाच्या करमणुकींत जलक्रीडेलाही जागा आहे. पण ती राजाची क्रीडा: सुगंधी पाणी, सोबतीला अंतःपुर. बुडणाऱ्याची विद्या तिथं शोधू नये. ती मोटेच्या विहिरीत होती, आणि तिच्यावर कुणी ग्रंथ लिहिला नाही.

आमची विहीर पणजोबांच्या वेळची. दगडी, बांधीव, सात परस खोल. परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. खोली माणसानंच मोजायची ही जुनी रीत आता नव्या पोरांना माहीत नाही. एका अंगाला पायऱ्या, समोर थारोळं आणि त्यामागं बैलांची धाव. चैत्र-वैशाखात पाणी दोन-अडीच परसावर यायचं. सकाळची मोट सुटली, बैल दावणीला गेले, की विहीर पोरांची. मी १९६६च्या उन्हाळ्यात, आठव्या वर्षी तिथं शिकलो. तात्या तेव्हा पंचविशीत होते.

शिकवण्याची पद्धत ठरलेली होती. पाठीवर वाळलेले दोन दुधी भोपळे, कमरेला दोर, दोराचं टोक पायरीवर बसलेल्या माणसाच्या हातात. आठवड्यानं एक भोपळा कमी व्हायचा. मग नुसता दोर. मग ढिला दोर. शेवटच्या दिवसांत दोर सोडलेला असायचा आणि "धरलाय, धरलाय" असं तोंडानं सांगितलं जायचं. पोरगं पलीकडच्या भिंतीला हात लावून वळून बघायचं, तेव्हा दोर पाण्यावर सापासारखा पसरलेला दिसायचा. त्या क्षणी काही पोरं रडत. मी रडलो होतो.

नुसतं तरंगता आलं म्हणजे पोहणं आलं, असं आमच्यात कुणी मानत नसे. खरं शिक्षण त्यापुढचं. आधी उभी उडी: पाय जुळवून, नाक न धरता. मग मुटका. गुडघे पोटाशी, अंगाची मोट वळलेली, आणि पाण्याला लागायच्या क्षणी ढुंगण पुढं करून पाठ मागं झोकायची. पाण्यात मोठं भगदाड पडतं आणि ते मिटताना पाण्याचा खांब वर उसळतो. कठड्यावर बसलेल्याचं धोतर भिजलं तर मुटका पास. मग सूर. मग थारोळ्याकडं तोंड करून मारलेला उलटा सूर. त्यात दोन पोरांची डोकी फुटल्याचं माझ्या डोळ्यांसमोर आहे. पाण्यावर उताणं पडून पद्मासन घालायचं आणि हात न हलवता पडून राहायचं. शेवटी तळाला जाऊन मूठभर गाळ आणायचा. मुठीतला गाळ वर येईपर्यंत धुऊन जातो, म्हणून नखांत किती राहिला ते बघत. गाळ आणला की तो पोरगा शिकला. पुढच्या वर्षी त्यानं दुसऱ्याचा दोर धरायचा.

पुतण्याशी बोलताना मी या एकेका डावाचं तात्पर्य विचारत गेलो. कयाकचं नाक पाण्यात खुपसताना नाव जोरानं परत उसळते, आणि तो उसळता जोर वापरूनच पुढची कोलांटी बसते. मुटक्यातही पाणी दाबलं की ते परत देतं. किती दाबायचं आणि कधी अंग उघडायचं, हाच सगळा डाव. पालथं झाल्यावर माणसाला पहिली ओढ हवेची असते. डोकं वर काढायला जावं तर कंबर खाली जाते, नाव पुन्हा पालथी होते. पोहणाऱ्याचंही तेच: मान वर ताणली की पाय बुडतात. म्हणून कंबर आधी, डोकं शेवटी. तात्या हे वाक्य शिकवत नसत. ते नुसतं हनुवटीवर टिचकी मारत.

इथवर लिहून थांबलो असतो तर हा लेख गोड झाला असता. पण इतिहासाच्या मास्तराला पुढचा प्रश्न टाळता येत नाही: या विहिरीत कोण शिकत होतं?

पावलाटा ज्या वर्षी आल्प्समधल्या तळ्यात उलटापालट करत होता, त्याच वर्षी, १९२७ च्या २० मार्चला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसांसह गेले आणि त्यांनी तळ्यातलं पाणी प्यायलं. त्यानंतर त्या माणसांवर हल्ले झाले, आणि तळं 'शुद्ध' करून घेण्यात आलं. महाड मुंबई इलाख्यात, आमचं बीड निजामाच्या राज्यात. पण पाण्याचा कायदा दोन्हीकडं सारखाच होता. मी शिकलो ते १९६६ मध्ये. संविधान येऊन सोळा वर्षं झाली होती. आमच्या विहिरीच्या पायरीवर तरीही गावातली सगळी पोरं येत नव्हती. महारवाड्यातली आणि मांगवाड्यातली पोरं ओढ्याच्या डोहात, डोह असेपर्यंत, आपली आपण शिकत. त्यांना दोर धरायला कुणी होतं का, हे मी तेव्हा विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट मला या वर्षी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, लक्षात आली. मोट चामड्याची. ती शिवणारे हात चर्मकाराचे. माझ्या कमरेचा दोर आणि मोटेचा नाडा वळणारे हात मातंगाचे. म्हणजे विहिरीतून पाणी वर काढणाऱ्या आणि विहिरीत पोरगं तरंगत ठेवणाऱ्या वस्तू ज्यांनी केल्या, त्यांनाच पायरी उतरायची मुभा नव्हती. तात्यांना मी हे बोललो. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "दोर तुटला न्हाई कधी." एवढंच. त्याचा अर्थ त्यांना काय अभिप्रेत होता, ते मी विचारलं नाही.

बायकांचंही तेच. माझी आई सात परस विहिरीच्या काठावर चाळीस वर्षं धुणं धूत होती. तिला पोहता येत नव्हतं. घरातल्या कुठल्याच बाईला येत नव्हतं. बाईच्या संदर्भात विहिरीचं नाव निघालं की आवाज खाली यायचा. तो अर्थ वेगळाच होता.

पुढचा इतिहास झपाट्यानं सांगता येतो, कारण तो झपाट्यानंच घडला. आधी ऑइल इंजिन आलं, मग वीज. मोट गेली, तिच्याबरोबर धाव आणि थारोळं गेलं. १९७२चा दुष्काळ आला. त्यानंतर बोअर खोल खोल जात राहिले आणि विहिरींचं पाणी त्यांच्यामागं उतरत गेलं. पायऱ्या राहिल्या, पण शेवटची पायरी पाण्याला टेकेना. आमच्याच तालुक्यात धनेगावजवळ मांजरेवर धरण झालं, तिकडं सिंदफणेवर माजलगावचं. पाणी वाढलं खरं. पण ते गावापासून लांब, आणि तेही भरवशाचं नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि त्याच्यावर विसंबलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, हे सर्वांना आठवत असेल. त्या वर्षी मी धरणाच्या तळात चालत गेलो होतो. भेगाळलेल्या गाळात एक थर्माकोलचा ठोकळा पडलेला होता, दोरीनं बांधलेला.

त्या ठोकळ्याबद्दल थोडं सांगतो. या जलाशयांवर मासेमारी करणारी माणसं, त्यांत भोई समाजाची बरीच, ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या ठोकळ्यांवर बसून जाळी टाकतात. चप्पू परवडला तर चप्पू, नाहीतर हे. ट्यूबवर फळी आडवी टाकलेली, माणूस तिच्यावर पाय दुमडून बसलेला, दोन्ही हात जाळ्यात गुंतलेले, आणि तोल सगळा कमरेत. माशाची ओढ लागली की ट्यूब एका कडेवर उठते आणि माणूस न बघता दुसरीकडं कलतो. पुतण्यानं ते पाहिलं तेव्हा म्हणाला, "काका, आम्हाला हे यायला तीन महिने लागतात." त्यांच्याकडं तीन महिने नसतात. आणि लाइफ जॅकेटही नसतं. २०२३ मध्ये शेजारच्या जिल्ह्यात गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोऱ्याची शाळकरी मुलं जायकवाडीच्या फुगवट्यातून थर्माकोलच्या तराफ्यावर बसून शाळेत जातात, ही बातमी आली आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तिची स्वतःहून दखल घेतली. थांबलेल्या पाण्यावर तोल सांभाळायचा सराव आपल्याकडे आजही चालू आहे. त्याला खेळ म्हणायची कुणाची हिंमत होणार नाही.

खेळ म्हणून तो चालू आहे पुण्यात. पुतण्या तिथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकला. मुळा-मुठेच्या संगमाजवळच्या त्या महाविद्यालयाचा बोट क्लब जुना, आणि तिथली रेगाटा १९२८ पासूनची. नदीचं तिथलं पाणी संथ. त्यावर मुलं-मुली कयाक ओळीत नाचवतात. त्या कार्यक्रमाला ती मंडळी कयाक बॅले म्हणतात. मी एकदा पाहायला गेलो होतो. काठावर गर्दी, दिवे, संगीत, आणि पाण्यात ताल धरून वळणाऱ्या नावा. मराठवाड्यातून गेलेली कितीतरी मुलं तिथं पहिल्यांदा वल्हं हातात धरतात. पुतण्यानंही तिथंच धरलं. उलटून सरळ व्हायला त्याला पंधरा दिवस लागले. सोबत शिकणाऱ्या शहरी मुलांपेक्षा जास्त. कारण त्याला पोहता येत नव्हतं. तात्यांच्या सख्ख्या नातवाला पोहता येत नव्हतं. तो जन्मला तोवर आमच्या विहिरीत उन्हाळ्यात पोहण्याजोगं पाणीच उरलं नव्हतं.

आता शेततळं. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळं' ही योजना आली. बऱ्याच जणांनी मग वेगळा खर्च करून, वेगळं अनुदान मिळवून आत पाचशे मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरलं. आमच्या पठारावर पाणी मुरून जातं, त्यामुळं अस्तर हवंच. डाळिंब आणि मोसंबी त्यामुळं वाचली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी शेततळ्याच्या विरुद्ध नाही. पण विहिरीला पायऱ्या होत्या. शेततळ्याला उतार आहे, आणि त्या उतारावर शेवाळ धरतं.

पाच वर्षांपूर्वी वैशाखात आमच्या शेजारच्या शेतातल्या तळ्यात सातवीतला एक मुलगा गेला. चेंडू काढायला उतरला होता. त्याचे आजोबा माझ्याबरोबर शिकलेले, उलटा सूर मारणाऱ्यांतले. नातवाला शिकवायला त्यांच्याकडे पाणी नव्हतं, आणि पाणी आलं तेव्हा शिकवायचं राहून गेलं. मी दहाव्याला गेलो होतो. ते माझ्याशी बोलले नाहीत. हाताची बोटं एकमेकांत गुंतवून बसले होते, दोर धरल्यासारखी.

त्यानंतर आठवड्यानं तात्यांनी एक गोष्ट केली, ती मला त्या वेळी वेडेपणाची वाटली होती. आमच्या तळ्याच्या काठावर ते कपडे काढून उभे राहिले आणि आत उतरले. वय एकोणऐंशी. पोहले, मध्यावर गेले, परत आले. आणि काठावर चढता येईना. हात टेकला की घसरायचा, पाय टेकला की घसरायचा. तीनदा प्रयत्न करून ते उताणे होऊन पडून राहिले, श्वास घेत, आणि शांतपणे म्हणाले, "दोर टाका." पोहता येणाऱ्यालाही त्या तळ्यातून निघता येत नाही, हे त्यांना स्वतःच्या अंगानं पाहायचं होतं. वॉटकिन्सबद्दल वाचताना मला हाच प्रसंग आठवला.

त्या दिवसापासून आमच्या तळ्याच्या चारही बाजूंना जाड दोर सोडलेले आहेत. वर लोखंडी खुंट्यांना बांधलेले, हात-हात अंतरावर गाठी, खालचं टोक पाण्यात तळापर्यंत. एका कोपऱ्यात ट्रकचे जुने टायर एकमेकांना बांधून शिडी केली आहे. खर्च फार आला नाही. गावातल्या इतर तळ्यांपैकी चारांवर असे दोर लागले. बाकीच्यांचे मालक "लावू, लावू" म्हणतात. कुंपण घातलं की झालं, असं काहींचं मत आहे. कुंपणाखालून जाणारं पोरगं त्यांनी पाहिलेलं नाही.

यंदा एप्रिलमध्ये पुतण्या पुन्हा आला, या वेळी पंधरा दिवसांची सुट्टी काढून. सोबत दहा लाइफ जॅकेटं. रोज सकाळी सात ते नऊ तळ्यावर वर्ग. पहिल्या दिवशी अकरा पोरं आली, शेवटच्या दिवशी चौतीस. ऊसतोडीची पोरं सगळ्यात जास्त. त्यांची शाळा बुडालेली असते, सकाळ मोकळी असते. आधीच्या बंदोबस्ताप्रमाणे कोण कुठल्या वस्तीतलं, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तात्या काय म्हणाले असते, ते मला सांगता येत नाही. दोर मात्र त्यांनीच धरला. भोपळे आता मिळत नाहीत. खाद्यतेलाचे पाच लिटरचे रिकामे कॅन झाकण आवळून पाठीला बांधले.

सातव्या दिवशी पाच मुली आल्या. एकीनं, नववीतल्या, तिसऱ्याच सकाळी दोर सोडला. तिला कयाकमध्ये बसायचं होतं. पुतण्यानं बसवलं, स्वतः छातीभर पाण्यात टायरच्या शिडीला एक हात धरून उभा राहिला आणि दुसऱ्या हातानं नाव धरली. ग्रीनलंडमध्ये बाप मुलाची नाव धरतो, हे त्याला माझ्याकडून कळलं होतं. नाव पालथी झाली. केशरी तळ वर आला. बांधावर माझी आई, वय अठ्ठ्याऐंशी, काठी टेकून उभी होती. तिनं पदर तोंडावर घेतला. नाव अर्धी फिरली, थांबली, पुन्हा पालथी झाली. पोरीनं डोकं आधी काढलं होतं.

पुतण्यानं तिला उचलून सरळ केलं. ती खोकली, नाकातलं पाणी शिंकरलं आणि तात्यांकडं पाहिलं. तात्या उठले, दोन पायऱ्या टायरवरून खाली उतरले, हात लांबवून तिच्या हनुवटीवर टिचकी मारली आणि म्हणाले, "आता पुन्ना."